मुंगीच्या खोलीचा रंग

गुरुवार, दि. ९

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर, गैरसमज नसावा.

तुझं पत्र आणि तुझी बॅग दोन्ही पोचलं. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे मागच्या फाटकाने, धोबीखान्याच्या बाजूने आला. आपली गाडी या इस्पितळाच्या पुढच्या दारात कुणी पाहिली तर घराण्याची अब्रू जायची. बिचाऱ्याने बॅग ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी ठेवली आणि कुणी पाहायच्या आत पसार झाला. मी चहा घे म्हणेपर्यंत गाडी वळलीसुद्धा.

इकडे सर्व क्षेम. शिवणखान्यात आता चारजणी माझ्या हाताखाली आहेत. उशांचे अभ्रे, पडदे, रुग्णांचे सदरे, सगळं आम्हीच शिवतो. गोळीमुळे हात थोडा थरथरतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शिलाई मात्र सरळ येते, कारण मशीनला घराणं नसतं. डॉक्टरीणबाई परवा पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही कधीच्या बऱ्या आहात, घरी का जात नाही?" मी म्हटलं, "घरच्यांच्या मते मी इथे नाहीच, मग इथून जाणार कशी?" त्या हसल्या, पण चष्मा काढून पुसत बसल्या.

आता बॅगेबद्दल. उघडून पाहिली. आत नव्या चामड्याचा वास आणि बाकी काही नाही. हँडलला विमान कंपनीचा टॅग, त्यावर माझं नाव छापलेलं! हा टॅग कुठून पैदा केलास रे? युक्ती वहिनीची असणार, एवढी बारीक लबाडी तुला सुचत नाही. म्हणजे साहेबांच्या पंच्याहत्तरीला मी 'परदेशातून' उतरायचं, तू मागेच पाठवलेला कोट घालायचा, आणि पाहुण्यांना 'तिकडे थंडी फार' असं सांगायचं. निदान बॅगेत दोन विटा तरी टाकायच्या होत्यास. रिकामी बॅग उचलणारा माणूस लगेच ओळखू येतो, त्याचा खांदा वाकत नाही. रंगाचा एवढा मोठा कारखाना चालवता आणि एक सोंग धड रंगवता येत नाही तुम्हाला.

बाकी साहेबांचं अभिनंदन. स्वतःच्या बापाला 'साहेब' म्हणणारी आपण दोनच मुलं असू जगात. सत्कारात त्यांच्या दूरदृष्टीबद्दल, शिस्तीबद्दल बोलणार म्हणतोस. ते पत्तेवाले डॉक्टरही बोलतील ना? साहेबांशी रमी खेळून खेळून त्यांना एकच निदान येतं, थकवा. मी गप्प बसले की थकवा, मी बडबडले की अतिथकवा. आई गेली तोही थकवाच. माणूस पुरता मेला तरी हे त्याला विश्रांती सांगतील.

वरचं सगळं लिहून मी चहा प्यायले, मग मशीनवर एक पडदा शिवला, आणि परत येऊन बसले. कारण तुझ्या पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे आणि मी दोन दिवस तिच्याभोवती घिरट्या घालते आहे. 'मुंगीची खोली रंगवायला काढली आहे, तुझ्या मते कोणती छटा बरी दिसेल?'

दादा, तुझ्या लेकीला काय झालंय?

तुझी स्मरणशक्ती आपल्या घराण्याला साजेशी आहे, म्हणून आठवण देते. आपल्या घरात पाय मोडला तर प्लास्टर, ताप आला तर गोळी, आणि मन बिघडलं तर रंगारी. हौस म्हणून आपल्याकडे कधीही एक भिंत रंगलेली नाही. साहेब आयुष्यभर दुकानदारांना बजावत आले की ओल्या भिंतीवर रंग लावू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा, पोपडे खरवडा, भिंत वाळू द्या, मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. पोपडे आल्याची तक्रार घेऊन कुणी आलं तर हाच पाठ ऐकवून त्याला घालवून देतात. आणि घरात? घरात 'रंग बदलला की माणूस बदलतो' हे त्यांचंच वाक्य. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आईची खोली आधी पोपटी होती. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली तेव्हा जर्दाळूचा रंग आला. शेडकार्डवर बोट तुझ्याकडून ठेवून घेतलं होतं, तू हाफपँटीत होतास. पुढच्या वेळी फिकट जांभळा. तेव्हा आई उठेचना, म्हणून रंगाऱ्यांनी तिच्यासकट पलंग खोलीच्या मध्ये ओढला. तिच्यावर प्लास्टिक घालायचं का, हे विचारायला मुकादम खाली साहेबांकडे आला. मी जिन्यात उभी होते. साहेब म्हणाले, "चेहरा सोडून घाला." पेपरातून मान वर न करता म्हणाले.

थकव्याने कुणी स्वतःचा जीव घेत नाही. आईने घेतला. हे वाक्य आपल्या घरात आजवर कुणीही उच्चारलेलं नाही, तेव्हा लिहून टाकते. त्यानंतर त्या खोलीला पांढरा दिला आणि पाहुण्यांची खोली केली.

मग माझी पाळी आली. साहेबांनी विक्रेत्यांना घरी दिलेल्या त्या मेजवानीत मी पुट्टीचा पत्रा घेऊन ती पांढरी भिंत खरवडली, सगळ्या विक्रेत्यांना वर बोलावून दाखवलं, हा बघा जांभळा, हा जर्दाळू, हा पोपटी, या आमच्या आईच्या आजाराच्या तारखा. विक्रेत्यांना वाटलं, नव्या मालाचं प्रात्यक्षिक आहे. एकाने तर जांभळ्याची चौकशीही केली. मी तेव्हा आजारी होते हे खरं आहे. आठवडाभर झोपले नव्हते, दिसेल त्याला हिऱ्याच्या अंगठ्या कबूल करत होते. पण त्या भिंतीबद्दल मी जे बोलले तेही खरं होतं. तुम्ही पहिल्यासाठी मला इथे धाडलंत, ते उपकार. दुसऱ्यासाठी परदेशी धाडलंत.

आता एकोणिसाव्या वर्षी मुंगी. वहिनीने फोनवर सांगितलं होतं की ती 'अभ्यासाने दमली आहे', कॉलेजला जात नाही, कुणाशी बोलत नाही. मी विचारलं, जेवते का? तर म्हणाली, फिगर सांभाळते. तेव्हाच कळायला हवं होतं, पण वहिनीच्या बोलण्यातून खरं वेचायला सूप लागतं.

मी सत्काराला येणार नव्हते. साहेबांच्या गळ्यात हार पाहून मला पोटशूळ उठेल, गोळ्या वाया जातील. पण आता येते. कोट घालीन, बॅग आणीन, थंडीबद्दल बोलीन. तू तोवर एवढंच कर, रंगारी थांबव आणि पोरीला एका खऱ्या डॉक्टरला दाखव. हात जोडते. हे जोडलेले हात कागदावरचे नाहीत.

तुझी,
परदेशस्थ बहीण


सोमवार, दि. २०

दादा,

मायना वगैरे राहू दे.

शनिवारचं निम्मं तू पाहिलंस. खाली काय झालं ते तुला माहीत आहे, वर काय झालं ते सांगते. तू कुणाला विचारणार नाहीस, आणि विचारलंस तरी त्या घरात कुणी सांगणार नाही.

आधी खालचंच थोडं, मला राहवत नाही म्हणून. वहिनी मला बागेत एकेका घोळक्यापाशी नेत होती. "ही माझी नणंद, परदेशात असते." कुठे म्हणून विचारलं तर मी म्हणे, "डोंगराच्या पायथ्याशी. हवा फार छान." काय करता? "कापडउद्योगात आहे." अभ्रे हे कापडच असतं. एका बाईंनी माझ्या त्वचेची तारीफ केली, म्हणाल्या तिकडचं पाणीच वेगळं. वहिनीचं हसू बघत होते मी, जणू तोंडाला इस्त्री केली होती. पत्तेवाले डॉक्टर मला पाहून कोल्ड्रिंकच्या टेबलामागे गेले ते शेवटपर्यंत तिथेच होते.

साहेब व्यासपीठावर होते. मी नमस्कार केला तर म्हणाले, "प्रवास ठीक झाला?" आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं, दादा. एकट्या माझ्यासाठी त्यांनी ते वाक्य खर्च केलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभच जळलेला नाही.

भाषणं सुरू झाल्यावर मी वर गेले. तू रंगारी थांबवले नव्हतेस. पाहुणे होते म्हणून त्यांना एक दिवस सुट्टी दिली होती, एवढंच. दोन भिंती मोतिया झाल्या होत्या, दोन जुन्याच. आणि पलंग खोलीच्या मध्ये. मुंगी पडलेली होती, केसांची जट झालेली, ओठ सुकलेले. पायाशी प्लास्टिकची घडी. तुमची एकुलती एक लेक, आणि तिला कपाटासारखी मध्ये ओढून ठेवलीत. लाज वाटायला हवी होती तुम्हाला, पण ती तुमच्या कारखान्यात बनत नाही.

मी शेजारी बसले. तिने विचारलं, "आत्या, तू खरंच परदेशात असतेस?"

"नाही गं. मनाच्या आजारांच्या इस्पितळात. आधी पेशंट होते, आता तिथेच शिवते. गोळ्या अजून घेते."

"मला वाटलंच. परदेशातून कोणी हातशिलाईचे रुमाल पाठवतं का?"

सगळ्या घरात अक्कल आहे ती त्या पोरीला. मग ती रडली. म्हणाली, "सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली." हे तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं होतं. वहिनीने शेडकार्ड आणून दिलं.

मी म्हटलं, "माझ्याबरोबर येतेस?"

तिने भिंतीकडे पाहिलं. "तिकडे खोल्यांना कोणता रंग आहे?"

"चुना. वर्षातून एकदा मारतात, सगळ्यांना सारखा. आजाराशी त्याचा काही संबंध नसतो."

"मग येते."

आम्ही तुझी बॅग भरली. तिचे कपडे, कंगवा, दोन पुस्तकं, लहानपणचं ते विटकं पांघरूण. जिन्यावरून उतरलो तेव्हा बागेत नेमकी शांतता होती, साहेब माइकसमोर खोकत होते. त्याच बाईंनी, माझ्या त्वचेवाल्या, बॅग पाहिली, टॅग पाहिला आणि केवढ्याने ओरडल्या, "अय्या, नातही निघाली वाटतं परदेशी!"

मी म्हटलं, "हो, माझ्याकडेच."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळी बाग! कुणीतरी 'शाब्बास' म्हणालं. साहेब काय करणार होते? माइकवर सांगणार होते, की तिकडे परदेश नाहीच? त्यांनीही टाळी वाजवली, दोन बोटांनी. वहिनीने तर लेकीला मिठी मारून रडून घेतलं, आणि त्यातलं थोडं खरं असावं असं मला वाटलं. इतकी वर्षं जे खोटं तुम्ही माझ्यावर दोन-दोन हात चढवलंत, त्याच्याच आडून मी पोरीला पुढच्या दाराने बाहेर काढलं.

काल डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी सकाळभर बोलून आजाराचं नाव सांगितलं, तिला समोर बसवून, साध्या शब्दांत. मुंगी म्हणाली, "याला नाव आहे?" आणि हुंदका देऊन हसली. दाखल होण्याची सही तिने स्वतःच केली. पेज प्यायली. आत्ता माझ्या शेजारच्या खाटेवर झोपली आहे, भिंतीकडे पाठ करून. वेळ लागेल. पण ती मरणार नाही, दादा. मी मरू देणार नाही.

आता तुझ्याबद्दल, आणि मग पत्र संपवते.

मी तुला शेळपट म्हणत आले, साहेबांचं शेपूट म्हणत आले, आणि पुष्कळदा ते बरोबर होतं. पण गाडीपाशी पोचताना मागून येऊन तू माझ्या हातातली बॅग घेतलीस. तुझा खांदा वाकला. रिकामी नाही हे तुला कळलं, आत काय आहे तेही कळलं. तू ती डिकीत ठेवलीस, डिकी लावलीस, आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिलास. त्या वेळी मला उमगलं की रंगाचा तो प्रश्न तू चुकून लिहिला नव्हतास. त्या घरातून हाक मारायची दुसरी भाषा तुला कुणी शिकवलेलीच नव्हती.

आणि एक. वरून खाली येताना तुझ्या अभ्यासिकेचं दार उघडं होतं. ताज्या रंगाचा वास आला. टेबलावर प्लास्टिक, कोच खोलीच्या मध्ये, आणि कोचावर उशी. निघताना वहिनीला विचारलं तर म्हणाली, "ह्यांना जुन्या रंगाचा कंटाळा आला होता. झोप नाही ना लागत हल्ली, कामाचा ताण."

रविवारी भेटायची वेळ असते. पुढच्या फाटकाने ये, गाडी स्वतः चालवत ये, मुंगी वाट पाहील. शेडकार्ड आणू नकोस.

तुझी बॅग मी रिकामी करून, पुसून ठेवली आहे. टॅग अजून काढलेला नाही. लागली तर सांग.

तुझीच,
धाकटी