वरच्या वाडीवरचं धुकं

३ एप्रिल
पोचलो! सोलच्या धुरकट गर्दीतून सुटून समोर समुद्र, मागे डोंगर, आणि कचेरीच्या वरच मला खोली. काम सोपं. या दिवसांत डोंगरावरून समुद्राकडे सोसाट्याचा वारा सुटतो आणि रानं पेटतात. उपग्रहाच्या चित्रावर धुराची कड आखायची, तो कुठे सरकतोय ते पाहायचं, आणि त्याच्या वाटेतल्या गावांना कळवायचं; मग तिथला सरपंच कर्ण्यावरून लोकांना उठवतो.

कचेरीतल्या प्योबाईंची रीत मात्र ऐकण्यासारखी आहे. चित्रात धूर की धुकं कळलं नाही, की या बाई सरपंचाला फोन करून कसला वास येतोय ते विचारतात! आकाशात एवढा महागडा डोळा ठेवलाय, आणि भरवसा कुणाच्या नाकावर, तर कोबी पिकवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या. मी पोट धरून हसलो.

५ एप्रिल
आज थडग्यांवरचं गवत काढायचा दिवस. कुणा दिवट्याने काढलेलं गवत तिथेच पेटवलं आणि अख्खी डोंगरधार पेटली. धूर मात्र शहाण्यासारखा सरळ समुद्रावर गेला. मी आखलेली कड पाहून सोलचे साहेब खूश झाले. फोनाफोनी आजपासून बंद, असं प्योबाईंना बजावलं.

६ एप्रिल
सकाळी वारा पडलेला. चित्रात डोंगरातल्या वरच्या वाडीवर पांढरा डाग दिसला. प्योबाई म्हणाल्या, साहेब, एकदा तिथल्या बांग सरपंचाला विचारते ना, फोनला काय पैसे पडतात? मी म्हटलं, समुद्रधुकं आहे, गप्प बसा. तसाच शिक्का मारला.

धूर होता. वाडीतली म्हातारी माणसं अंथरुणातच गुदमरली. सरपंच बांग कर्ण्याच्या माइकपाशी सापडला. आमच्या इशाऱ्याची वाट बघत बसला होता म्हणे. बसायचं कशाला? स्वतःची अक्कल नको? अहवालात लिहून टाकलं, सरपंच सोजू पिऊन पडला होता, म्हणून कर्णा वाजला नाही. असल्या लोकांबद्दल कुणालाही पटेल.

८ एप्रिल
वाडीतली घरं जाळून आग कालच विझली, पण चित्रात डाग वाडीवर तसाच. पुसला. पुढच्या चित्रात पुन्हा हजर. यंत्रही या गावाला साजेसंच मठ्ठ.

९ एप्रिल
डाग दरी उतरून गावाकडे आलाय. वारा समुद्राकडून असताना, वाऱ्याच्या उलट.

वाडीच्या तारा जळून गेल्यात, तरी तिथून फोन आला. प्योबाईंनी उचलला आणि पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, बांग सरपंच आहे, तुम्हालाच मागतोय. साहेब, खरं लिहा हो, मेलेल्या माणसाला दारुडा करू नका. सामान उचलून गेल्या त्या. गावंढळ बाई! कुणीतरी चेष्टा करतंय, एवढंही कळत नाही.

१० एप्रिल
चित्रात डाग बाजारावर. खाली रस्त्यावर मात्र लख्ख ऊन, बायका माकुळांचा भाव पाडताहेत. कुणाला काही नाही. खोकतोय फक्त मी. थुंकी काळी येते.

११ एप्रिल
आता आमच्या छपरावर. भीती वाटते. लिहिताना लाज वाटते, पण वाटते.

सोलला कळवलं: तो धूर होता, चूक माझी, सरपंच शुद्धीवर होता. छपरावरच्या डागाचंही सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, अरे, वाऱ्याच्या उलट धूर सरकतो होय? धुकं आहे. माशाचं सार पी, झोप काढ. सरपंचाचा दोष नोंदला गेलाय, प्रकरण मिटलं.

१२ एप्रिल
बाहेर ऊन. खोलीत पलीकडची भिंत दिसत नाही. खिडकी उघडत नाही —

फोन वाजत होता. उचलला. बांग. रागाने नाही, अदबीने बोलला. साहेब, लोक कधीचे ताटकळलेत. निघायचं का? तुम्ही सांगाल तसं.

ओरडलो. धूर आहे, निघा, सगळे निघा!

म्हणाला, बरं झालं सांगितलंत. पण घरं तर गेली, जायचं कुठे? मग तुमच्याकडेच घेऊन येतो सगळ्यांना.

जिन्यावर खोकण्याचे आवाज — एक नाही, पुष्कळ — म्हाताऱ्या माणसांचे — दार मी आतून —