डोळे मिटून जिंकलेला स्क्वॉश

३ ऑक्टोबर
क्लबच्या क्रमवारीच्या फळ्यावर मी आठवा. पहिल्या आठांना शुक्रवारी पुढचं काचेचं कोर्ट. नवव्यापासून सगळ्यांना मागचं, भटारखान्याला चिकटलेलं. नऊ वर्षं तिथे काढली, शर्टाला कायम तळलेल्या माशांचा वास. मेलो तरी परत जाणार नाही.
आता नवव्या नंबरच्या मादाम इन्साफनी मला आव्हान दिलंय. जिंकल्या तर आठव्या त्या, नववा मी. वय एकसष्ट, भूमितीच्या निवृत्त बाई, गुडघ्याला पट्टा. दया येते बिचारीची. सामना २४ला.

५ ऑक्टोबर
पुस्तक आणलं. अकरा पानं झाली, सार कळलं. खेळ हातात नसतो, डोक्यात असतो. डोळे मिटून सामना बघायचा, बाहेरचं काही ऐकायचं नाही. उद्यापासून पहाटे साडेपाच.

६ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ
अंथरुणातच सराव केला, त्यामुळे उठायला उशीर. मादामना ११-२ हरवलं. दोन गुण वयाचा मान म्हणून.

१० ऑक्टोबर
रॅकेटची तार तुटली. सरावाला रॅकेट लागतच नाही, मग घाई कशाला.

१३ ऑक्टोबर
एकाग्रतेची पहिली परीक्षा पास. साफिनाझनं स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या म्हणे. एकही ऐकली नाही. मुलुखियाची पालेभाजी करपली. तिचं म्हणणं, याला एकाग्रता नाही, बहिरेपण म्हणतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण खेळाडूचं मन काही तिला कळत नाही.

१८ ऑक्टोबर
क्लबचा सेक्रेटरी लुत्फी (पंचही तोच) म्हणाला, वगदीभाई, चार फटके मारून जा, थंड चेंडू उडत नाही. मी म्हटलं, मनात तापवून ठेवलाय. तर म्हणाला, मग चहाही मनातच प्या.
जळतात लोक.

२३ ऑक्टोबर
साफिनाझनं सामना बघायला तांता गावाहून तिच्या बहिणीला आणि मेव्हण्याला बोलावलंय. येऊ देत. तार लावायची राहिली. लुत्फीची रॅकेट घेईन.

२४ ऑक्टोबर, दुपारी
सामना दहाला. चेंडू तापवायला मादामना एकट्यांना पाठवलं, आणि मी झाडाखाली खुर्चीत डोळे मिटून बसलो. चहावाले, पोरं, लाउडस्पीकर, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. इतकी एकाग्रता आयुष्यात झाली नव्हती. दोन-दोन गेम, पाचव्यात मी ९-७ पुढे.
कुणीतरी खांदा हलवला. लुत्फी. म्हणाला, नियमाप्रमाणे तीनदा नाव पुकारलं, वर दोनदा मेहरबानी म्हणून. वेळ संपली, सामना मादामना.
मी म्हटलं, अहो, मी जिंकत होतो. मादामनी शांतपणे स्कोअर विचारला. सांगितला. म्हणाल्या, मग राहिलेले दोन गुण घेऊन टाका, उस्ताद, आम्ही थांबतो.
सगळे हसले. साफिनाझही हसली. ते लागलं.

संध्याकाळी
निदान ते दोन गुण तरी घ्यावेत म्हणून डोळे मिटून बसलो. बराच वेळ खेळलो.
मादाम ११, मी ९.
साफिनाझनं जेवायला हाक मारली. मासे तळलेत. पहिल्याच हाकेला उठलो.