मंगल अजून वरच आहे

वरवे बुद्रुक,
बुधवार, दुपारी

ज्ञानोबाराव यांना अमृतचा वाकून नमस्कार,

तुमची धाप आता कमी झाली असेल अशी आशा आहे. रतनवहिनींची कंबर कशी आहे? (राजगड चढायला येतात पुण्याची पोरं, आणि त्यांना पिठलं-भाकरी घालून कंबर जाते आमच्या वहिनींची. हा कुठला न्याय?) तुमच्या बहिणीला तुमच्याकडे येऊन आज सतरा दिवस झाले, तीही बरी असेलच. मी बरा आहे. रोज कुकर लावतो. पाणी अंदाजाने घालतो, त्यामुळे भात रोज वेगळा होतो. फोनच करणार होतो, पण तुमच्या घरी फोन उचलला की आधी स्पीकर लागतो आणि मग अख्खं पाली गाव ऐकतं. म्हणून हे पत्र वेल्हे गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. तो फाट्यावरच्या हॉटेलात ठेवून जाईल.

झालं काय ते तुम्हाला तिच्या तोंडून कळलंच असेल, पण माझी बाजू तुम्हाला कुणी सांगितली नसणार. मी एसटीतून निवृत्त झालो, गुडघे त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. बसल्या जागी मी घरातल्यांच्या चुका काढायला लागलो, तेव्हा आमच्या लेकीने, नूतनने, तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात अंतराळयानाचा खेळ घालून दिला. यान आपणच जोडायचं, आत माणूस बसवायचा, वर पाठवायचं, पृथ्वीभोवती फिरवायचं आणि धड खाली आणायचं. तुम्ही तेव्हाच म्हणाला होता, "दाजी, आधी वजन मांडा, वेग मांडा, मग उडा." तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत, तुम्ही दुसरं काय म्हणणार? मी म्हणालो, तीस वर्षं वरंधा घाटात गाडी घातली, कधी कागद-पेन्सिल लागली नाही. गाडी सीटखालून बोलते, ड्रायव्हरने फक्त ऐकायचं असतं. (आता कबूल करतो. प्लास्टिकची खुर्ची काही बोलत नाही.)

पहिलं यान मी वेल्ह्याच्या बाजारच्या गाडीसारखं भरलं. वाटेत इंधन कमी पडायला नको म्हणून टाक्यांवर टाक्या चढवल्या. ते जागचं हललंच नाही, नुसतं जाळ काढत उभं राहिलं आणि शेवटी फुटलं. दुसऱ्याला टाकी एकाच अंगाला लावली होती, ते कलंडत कलंडत समुद्रात गेलं. तिसऱ्याच्या वेळी रीतसर भैरवनाथाचं नाव घेऊन टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी कीबोर्डात गेलं आणि दोन दिवस तो उन्हात वाळवावा लागला. चौथं वर गेलं, पण तिथे ब्रेक नाहीत, क्लच नाही, गाडी कायमची न्यूट्रलमध्ये. अशा गाडीला आमच्या डेपोत कुणी हात लावला नसता.

खेळाने पाचव्या यानात बसणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी इंग्रजी अक्षरं शोधत शोधत 'मंगल' असं लिहिलं. तुम्हाला माहीत आहे, एकतीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारलेली नाही. "अगं ऐकलं का" यावरच संसार झाला. तिने पडद्यावर आपलं नाव बघितलं, आणि त्या दिवशी दुधाला जाऊन ती तासाभराने परत आली, कारण वस्तीभर सांगत फिरली होती. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि ते यान, ज्ञानोबाराव, पहिल्या फटक्यात वर गेलं. पृथ्वीभोवती गोल फिरायला लागलं. मी खुशीत येऊन उरलेलं इंधन उगाच इकडेतिकडे मिरवण्यात जाळलं आणि उतरायचं म्हटलं तेव्हा टाकी कोरडी.

चार दिवस खटपट केली. मग कंटाळलो. त्यातच आमच्या जुन्या कंडक्टरचा, कोंडिबाचा, फोन आला. मी त्याला म्हणालो, "मंगलला आता दिलं सोडून. तिच्यामागं कोण डिझेल जाळतंय? नवी गाडी काढतो." मागे ही चहा घेऊन उभी. मी खेळाबद्दल बोलत होतो हे तिला नीट कळलं होतं, गैरसमजाचा प्रश्नच नव्हता. कप खाली ठेवून ती म्हणाली, "येकदा नाव घेतलंत, ते बी सोडून द्यायला व्हय? ती खाली उतरंल तवाच म्या बी हितं येईन." आणि दुपारच्या गाडीने पालीला.

तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. वर अडकलेल्या मंगलला आणायला एकामागून एक सहा यानं पाठवली. पुढे जाणाऱ्या गाडीला गाठायचं तर अ‍ॅक्सिलेटर दाबायचा, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. इथे दाबला की आपण अजून वर जातो आणि मागे पडतो. जितकं जोर लावून तिच्यामागे जावं तितकी ती लांब. नूतन फोनवर म्हणाली, "बाबा, गाठायचं असेल तर आधी वेग कमी करायचा, म्हणजे खाली येऊन पुढं जाता येतं." असलं ज्ञान वयाच्या साठीला ऐकायचं म्हणजे शिक्षाच. करूनही बघितलं. सहावं यान तिच्या अगदी जवळून गेलं, इतकं जवळून की खिडकी दिसली, आणि तसंच पुढे निघून गेलं. माझे डोळे दुखतात, मान दुखते. आता अंदाज या शब्दाचाच मला वीट आलाय.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार सांगा. तुमच्या बहिणीला मी विचारलं असं सांगू नका, पण ती विचारत असेल तर मी विचारलं असं सांगा.

तुमचा,
अमृत

ता. क. : खरं काम हे की तुम्ही ते गणित करून द्या. यानाच्या फेरीचं पृथ्वीजवळचं टोक नव्वद किलोमीटर, लांबचं तीनशे चाळीस, आणि या खेळात हवा सत्तरच्या खाली सुरू होते. टाकीत शून्य, तर ते जवळचं टोक हवेत कसं आणायचं? मी विचारलं हे कुणाला सांगू नका, कोंडिबाला तर मुळीच नाही.

ता. क. दुसरा : गणित करू नका. वर जे लिहिलं ते खोडायचं जिवावर आलंय, पण मंगल परवाच खाली आली. सहावं यान निघून गेल्यावर वैतागून मी भलतीच कळ दाबली, तर ती दार उघडून बाहेर आली. तिच्या पाठीला वाफेचं छोटं यंत्र असतं. बंद पडलेल्या एसटीचं आपण जे करतो तेच केलं. तिला यानाच्या नाकाशी उभं केलं आणि उलटं ढकलायला लावलं, म्हणजे वेग मोडून यान हवेत खाली येतं. वाफ संपली की आत जाऊन भरून यायचं, पुन्हा ढकलायचं. चौदा वेळा. मी इतकी वर्षं नुसता धुरळा उडवला, शेवटी यान ढकललं तिनेच. सकाळी अकराला छत्री उघडून समुद्रात उतरली. मी "अगं ऐकलं का" म्हणून ओरडलो आणि मग लक्षात आलं की घरात कुणी नाही.

लगेच कळवायला हवं होतं. पण ती उतरली असं सांगूनही ही आली नाही तर? ती वर होती तोवर हिच्या न येण्याला कारण तरी होतं. म्हणून दोन दिवस गप्प बसलो.

तर तुम्ही एवढंच करा. ती जेवून उठली की विचारा, वरव्याला जायचं का. यानाचा विषय काढू नका. "न्हाई" म्हणाली तर मला कळवू नका. "बघू" म्हणाली तर तिची पिशवी फाट्यापर्यंत तुम्ही उचला, आणि गाडीत बसवून द्या. मी दुपारच्या गाडीला वाटेतल्या नसरापूरच्या स्टँडवर उभा असेन. काल आणि परवाही होतो.