नानांच्या घरचा भात

धुळे, गुरुवार, संध्याकाळ

नानांनी मला फसवलं. साक्रीकडच्या त्यांच्या शेतात मी तयार केलेल्या नव्या भाताची चाचणी दोन हंगाम चालू आहे. करपा रोग न येणारं वाण, तरी यंदा करपा दिसला म्हणून पानं तपासायला पाठवली. आज रिपोर्ट आला. करपा रोखणाऱ्या जनुकाचा मार्कर एकाही पानात नाही. म्हणजे नानांनी पेरलं ते घरचं जुनं बियाणं!

तशीच गाडी काढून त्यांच्याकडे गेले. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. "तुना तांदूयले वासच नही शे, माय. तुले वाईट वाटी म्हनीसन मी बोलनू नही."

आणि माझं बियाणं? थोडं कांडून शिजवून पाहिलं, बाकीचं दोन्ही वर्षं कोंबड्यांना घातलं.

कोंबड्यांना! माझी सात वर्षं! पाणीही न पिता उठले. दोन हंगाम हा माणूस माझ्याशी गोड बोलत राहिला.

पण तो वास काही डोक्यातून जात नाही. गेल्या दिवाळीनंतर "हाऊ तुनाच तांदूय" म्हणत त्यांनी मला जेवायला वाढलं होतं. भाताचा वास बाहेरच्या ओट्यापर्यंत येत होता. मी दोनदा मागून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी अहवालात लिहिलं: नव्या वाणाची चव जुन्यापेक्षा सरस.