सव्वासातचा फोन

नळदुर्ग, २ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरेश्वर भावोजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसाल. पण फोनवर तुमच्या दादांना उत्तर देता येत नाही, मग ते रडतात. पत्र हवं तितक्यांदा वाचून दाखवता येतं. उजवा हात आता थोडा उचलतात. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला जिथं शब्द जुळतात, तिथलं रक्त अडलं. समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. काल पाणी हवं होतं, तर बैल म्हणाले, अन् स्वतःच कपाळावर हात मारला.

एक विचारते. झटका आला त्या सकाळी मी तुळजापूरला होते. यांच्या मोबाइलवर सव्वासातला तुम्हाला लावलेला फोन दिसतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला, मग त्या दिवशी काय बोलले? शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं असेल. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, शेतात जेवायला या.

तुमची वहिनी,
शिवकांता

परंडा, ९ नोव्हेंबर

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

दादा काहीच बोलले नाहीत. नुसता श्वास अन् घशातला आवाज. आईची रीत तुम्हाला ठाऊक आहे: भांडण झालं की थोरल्यानं दारात यायचं, आधी बोलायचं मात्र धाकट्यानं. मला वाटलं, दादा दारात आले, आता माझ्या बोलण्याची वाट बघतायत. खरं सांगतो, फार बरं वाटलं. पण ताठा कुठं जातो? म्हटलं, जरा तिष्ठू द्या. मीही गप्प बसलो अन् फोन ठेवला.

दुपारी ते आपल्या गड्याला, मल्लेशला, शेतात पडलेले सापडले. रक्ताची गाठ विरघळवणारी सुई साडेचार तासांच्या आत द्यावी लागते म्हणे. मी नुसतं ‘दादा’ म्हणून विचारलं असतं, तरी काहीतरी बिघडलंय हे कळलं असतं. आता तोंड दाखवायची लाज वाटते. हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही, तुम्ही ठरवा. लोभ मागायचा हक्क राहिला नाही, तरी मागतो.

उत्तरेश्वर

नळदुर्ग, २२ डिसेंबर

चि. भावोजींस आशीर्वाद.

फार राग आला होता, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुमचं पत्र पिठाच्या डब्यामागं सारलं होतं. येळवशीच्या आदल्या दिवशी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. रडले. रागानं की कशानं, ते त्यांना सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या खोपीभोवती आंबिल शिंपडताना त्यांनी एकाएकी येळवशीचं ‘वलगे वलगे’ हे गाणं अख्खं म्हटलं, एक अक्षर चुकलं नाही. मी धावत जाऊन माझं नाव विचारलं. ते नाही आलं. डॉक्टर म्हणतात, लहानपणचं तालावरचं पाठांतर मेंदूत दुसरीकडे राहतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

जेवायला बसताना त्यांनी तुमचं पान मांडायला लावलं, अन् स्वतः तुम्हाला फोन लावला. बंद होता. तीनदा लावला. पानातली शेंगा-पालेभाज्यांची भज्जी गार झाली.

फोन चालू ठेवा. ते आता रोज लावतात. पलीकडून काही ऐकू आलं नाही, तरी ठेवू नका. दादा दारात आलेत, भावोजी. आधी तुम्ही बोला.

वहिनी