भुताचा पाव

सातारा, ३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रतिमा हिस मधुमतीचे अ. उ. आ.

फोनवर नाना तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून ही जुनी वाट धरली. आई गेल्यापासून नाना अर्ध्या पोळीवर उठतात हे तुझ्याकडून कळलं आणि माझ्याही घशाखाली घास उतरेना. आई समोर बसून आग्रह करायची, आणि ते नको नको म्हणत जेवायचे. अभिजित त्यांना लखनौला घेऊन गेला तेव्हा वाटलं होतं, जागा बदलली की चार घास जातील.

आणि आता हे कबरस्तानाचं खूळ कुठून आलं? काल फोनवर नाना सांगत होते की तिथल्या सरोजिनी नगरच्या पुढे एका खेड्यात निळीच्या व्यापारातल्या गोऱ्या साहेबाची कबर आहे, त्याचा आणि त्याच्या भावाचा भरल्या ताटावर खून झाला, आणि तिथलं भूत येणाऱ्याचा पाव पकडतं. पाव पकडतं म्हणजे काय गं? स्वतः जेवायला नको म्हणणारा माणूस भुतांना भेटायला निघाला! भीती वाटते, दुसरं काय. त्यांना नेऊ नका. माझा भाऊ अभिजित जन्माचा हट्टी, तू तरी ऐक.

वेदिकाला आशीर्वाद. माया आहे म्हणून दटावते, राग नसावा.

तुझी,
मधुवन्सं


महानगर, लखनौ, ११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्संना प्रतिमाचा सा. न. वि. वि.

आधी कान पकडते. तुमचं पत्र आज हातात पडलं, आणि आम्ही कालच जाऊन आलो होतो. पण रागावण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

हे सगळं आमच्या कन्येमुळे, वेदिकामुळे. कॉलेजातून काहीतरी ऐकून आली आणि जेवताना तिच्या हिंदीत सांगत सुटली की वहाँ का भूत पाँव पकड़ता है. म्हणजे पाय. नानांनी ऐकलं पाव! त्यानंतर रोज विचारायचे, कधी जायचं. परवा इथल्या कपूरथला बाजारात एकटेच गेले आणि बेकरीत पाव मागितला. बेकरीवाला विचारतो, पाव भर क्या, म्हणजे पावशेर काय देऊ. शेवटी बोट दाखवून पाव आणला, इथे त्याला डबल रोटी म्हणतात. मला वाटलं, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी असेल.

कबरस्तान मोहरीच्या शेतांना लागून आहे. पडकी भिंत, चिंचेची झाडं, सगळीकडे वेली. तिथली देखभाल करणारे राजेश भैया कुंपणाशीच राहतात. नानांनी कबरीवरचा पाला हाताने झाडला, पिशवीतून डबल रोटी काढून ठेवली आणि आपल्या हिंदीत साहेबाला म्हणाले की खाओ, लाज मत करो. राजेश भैया चकित. त्यांनी कारण विचारल्यावर नाना म्हणाले की तुमचं भूत पाव पकडतं ना? भैयांनी स्वतःच्या पायाला हात लावून दाखवला. वेदिका तर खालीच बसली हसून.

नाना आपल्या पायांकडे बघत राहिले. वन्सं, मी घाबरले. वाटलं, दुखावले. आणि मग ते हसले हो! आई गेल्यानंतर पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणं ओसरल्यावर म्हणाले की या बिचाऱ्याला भरल्या ताटावरून उठवलं, मी आपला आपणच उठतो. राजेश भैयांच्या घरून चहा आला. नानांनी रोटीचा एक तुकडा साहेबाला ठेवला, बाकीची आम्हाला वाटली, आणि स्वतः चहात बुडवून खाल्ली. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, दृष्ट लागेल म्हणून.

रात्री नानांनी दोन पोळ्या खाल्ल्या. मी मोरीत जाऊन रडून घेतलं. जीव भांड्यात पडला.

नानांनीही चिठ्ठी दिली आहे, ती सोबत घातली आहे. मी वाचलेली नाही. तुमची माया अशीच, दटावण्यासकट, असू द्या.

तुमची,
प्रतिमा


चि. सौ. मधुमती हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र प्रतिमाने दाखवलं नाही, पण टेबलावर ठेवलं होतं. चष्मा जवळच होता. तू घाबरू नकोस. मी काही तुझ्या आईच्या मागे जायला निघालो नव्हतो. उपाशी माणसाची गोष्ट ऐकली, आणि ती असती तर तिने त्याला काहीतरी पाठवलंच असतं, म्हणून गेलो. भुताचंसुद्धा पोट बघणारी बाई होती ती.

एक गोष्ट इथे कोणाला सांगितली नाही. परतताना मी मागे राहिलो होतो, तेव्हा वेलीत माझा पाय अडकला. राजेश आधीच म्हणाला होता, भूतबीत काही नाही, इथे सगळ्यांचाच अडकतो. क्षणभर मात्र वाटलं, थांबावं इथेच. मग म्हटलं, साहेब, सोडा आता, पुढे सून थांबली आहे, घरी जाऊन जेवायचं आहे.

पाय सुटला.

थालीपीठाची भाजणी पाठव. इथलं पीठ मानवत नाही. जावईबापूंना नमस्कार, आणि तूही वेळेवर जेवत जा.

तुझा,
नाना