वज्रिकेस अंगभर कपडे देण्याबाबत

कनेरगाव नाका,
गुरुवार, दुपार

सौ. पुजाताईस,

कनेरगाव नाक्याहून पुनमचा वाकून नमस्कार. (वाकायला अंगात जोर राहिलेला नाही, तरी वाकले असं समज.) तुझी कंबर कशी आहे, दाजींचं पित्त शांत आहे का, तुमच्या सोसायटीत पाणी येतं का अजून टँकरच, हे सगळं मी खरोखर मनापासून विचारते आहे, नाहीतर म्हणशील मावसबहीण अडली की पत्र लिहिते. अडलेली आहेच मी, पण ते पुढं. इकडं सगळे खुशाल आहेत, मला सोडून. बापूंचा ढाबा बरा चाललाय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बराबर झालं आणि तिला आता लांबचं, जवळचं आणि जे बघायला नको तेही लख्ख दिसतं. तिची उस्तवार करायला म्हणून मी महिनाभर घरून काम मागून घेतलं आणि तिथंच माझं चुकलं.

फोन का नाही केला म्हणशील. आपल्या घरी फोनवर बोलायला लागलं की आई शेजारी येऊन बसते आणि मी काय बोलते ते बापूंना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं परत सांगते. मेसेज टाकावा तर तुझा मोबाईल तुझ्या लेकराच्या हातात, आणि मागच्या खेपेला मी तुला आपल्या कंपनीतल्या सरांबद्दल जे लिहिलं होतं ते त्यानं परस्पर ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं. तेव्हा कागद बरा. आज संध्याकाळची पुण्याची ट्रॅव्हल्स ढाब्यावर जेवायला थांबते, तिच्या ड्रायव्हरच्या हाती हे देते. उद्या सकाळी तू स्टॉपवर जाऊन घे. (जा ग. तुझ्या पाया पडते.)

तू कंपनीत माणसं घ्यायचं-काढायचं काम बघतेस, गेममध्ये आत काय चाललंय ते तुला बघावं लागत नाही, सुखी आहेस. म्हणून थोडक्यात सांगते, थोडक्यात होणार नाही ते वेगळं. आपल्या नव्या गेमची नायिका वज्रिका ही एका राज्याची सेनापती आहे. एवढी मोठी फौज हाताखाली. आणि त्या फौजेनं आपल्या सेनापतीला अंगावर घालायला काय दिलंय, तर छातीला दोन लोखंडी वाट्या, कमरेला पट्टा, पट्ट्याला पुढून एक आणि मागून एक फडकं, आणि पायात उंच टाचांचे बूट. पोट उघडं, मांड्या उघड्या. खांद्यावर मात्र एवढं जाड चिलखत की बिचारीला मान वळवून कोण मारायला आलंय ते बघता येऊ नये. केस गुडघ्यापर्यंत मोकळे, आणि ही बाई लढते कुठं, तर आगीत. तिच्या शेजारी जो उपसेनापती उभा आहे तो डोक्यापासून नखापर्यंत लोखंडात आहे. त्याच्या घोड्यालासुद्धा पोटाखालून जाड झूल आहे. ताई, त्या लोकांनी घोड्याचं पोट झाकलंय.

हे मी मीटिंगमध्ये बोलले. सर म्हणाले, प्लेअरला असंच लागतं. मी म्हटलं, सर, मी पण लहानपणापासून गेम खेळते, मला असं लागत नाही. त्यावर सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. शेवटी सर (माणूस म्हणून वाईट नाहीत, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणतात) म्हणाले की मग तूच कपडे करून दाखव. येत्या सोमवारपर्यंत पटले तर वज्रिका तुझ्या कपड्यांत जाईल, नाही पटले तर आहे तशी जाईल, आणि तुला कायम करायचं का नाही तेही त्याच दिवशी बघू. म्हणजे वज्रिकेचं पोट आणि माझं पोट सरांनी एका दावणीला बांधलं.

पहिल्यांदा मी तिला साधं, अंगभर चिलखत घातलं. उत्तर आलं, छान आहे, पण बाईपण हरवलं. मी लिहिलं, बाईपण नेमकं कुठं असतं ते कळवा, तेवढं उघडं ठेवते. (हे लिहिलं आणि पाठवायच्या आधी खोडलं. नोकरीची गरज आहे.) मग कमरेत जरा आवळलं आणि दोन्ही हातांना बाह्या दिल्या. एक बाही राहिली, एक गेली, म्हणे एकाच बाजूला असली की उठाव येतो. मग विजार दिली, तर विजार मांडीपासून खाली चीर पडून परत आली. चीर कशानं पडली विचारलं तर म्हणे युद्धात फाटली असंल. युद्ध सुरू व्हायच्या आधीच. उपसेनापतीची विजार त्याच युद्धात होती, तिचा एक टाका उसवला नाही. टाचांबद्दल सर म्हणाले, नुसती तक्रार नको, अडचण मुद्द्यानं मांड. आपल्या रानात नुकतीच तूर काढलीय. मी माझी लग्नाकार्यातली उंच टाचांची सँडल घालून त्या धसकटात पळून बघितलं. मुद्दा असा निघाला की पाय मुरगळला, टाच धसकटात राहिली, आणि पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावरून भावसिंगकाका विचारून राहिले होते की बाई, काय हरवलं. काय सांगू त्यांना. सरांना पायाचा फोटो पाठवला. त्यांनी लवकर बरी हो असं लिहिलं आणि टाच अजून थोडी उंच केली.

इथवर दुःख माझ्यापुरतं होतं. पुढचं आईनं केलं. लॅपटॉपवर बारीक दिसतं म्हणून मी तो पुढच्या खोलीतल्या टीव्हीला जोडून ठेवते. मंगळवारी वज्रिकेचं अंग सगळीकडून तपासायला मी तिला टीव्हीवर गोल फिरत ठेवलं आणि पायाला हळद लावायला आत गेले. नेमकी त्या दिवशी बचत गटाची बैठक आमच्याकडं, आणि संक्रांतीचं हळदीकुंकूही त्यातच उरकायचं ठरलेलं. मी लंगडत बाहेर येते तो सगळा गट सतरंजीवर मांडी घालून, तोंडाला पदर लावून, टीव्हीकडं बघत बसलेला. वज्रिका आपली फिरतेय. पुढून, बाजूनं, मागून, परत पुढून. मला रिमोट सापडेना. गटाच्या अध्यक्ष रुक्माबाई शांतपणे म्हणाल्या, "ही कोन हाय, आन हिच्या मायला ठावं हाय का?"

आता इथं एक गोष्ट मीच आईला कौतुकानं सांगून ठेवलेली होती, तिचा घोटाळा झाला. तुला माहीत आहे, वज्रिकेच्या उड्या खऱ्या आहेत. सृष्टी म्हणून ती परभणीकडची खो-खो खेळणारी पोरगी आपल्याकडं येते, ठिपके लावलेला काळा चिकट सूट घालून दिवसभर कॅमेऱ्यांसमोर पळते, उड्या मारते, पडते, आणि तिची ती हालचाल आम्ही वज्रिकेच्या अंगात भरतो. आईनं गटाला सांगितलं की ही तीच पोरगी, कंपनीत कामाला आहे, गरिबाची आहे. मी ओरडून सांगितलं की नाही, ही कॉम्प्युटरवर केलेली आहे, उडी फक्त तिची आहे. रुक्माबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "उडी तिची हाय, मंग अंग कोनाचं?" मी सांगायला लागणार तेवढ्यात लाईट गेली, आणि टीव्ही विझला तीच त्यांनी माझी कबुली म्हणून धरली.

मग जे झालं ते मी उभ्या जन्मात विसरणार नाही. एकीनं तिला स्वेटर सुचवला. एकीला तिच्या गळ्यात काहीच नाही ह्याचं वाईट वाटलं. तांड्यावरच्या कमलबाई म्हणाल्या की आमच्या आज्या काचा लावलेला भरगच्च घागरा घालून बैलांच्या मागं मुलखभर फिरल्या, कोणाला अडचण झाली न्हाई, तोच द्या. दुसरीनं नऊवारी काढली. तिसरी म्हणाली मफलर पाहिजे, पुण्याला गारवा हाय. मी रागारागानं रात्री हे सगळं वज्रिकेला घालून बघितलं. तिला तलवार उचलता येईना, पण तिळगूळ वाटायला निघाल्यासारखी छान दिसत होती. रुक्माबाईंनी मात्र एकच सांगितलं होतं, की सोयाबीन सोंगायला जाताना आमी काय घालतो, लुगड्यावरून मालकाचा जुना शर्ट, बटनं गळ्यापस्तोर, डोक्याला रुमाल, झालं. कुसळ टोचत न्हाई, ऊन लागत न्हाई आन कोनी बघत न्हाई. ते मी तेवढं कागदावर टिपून घेतलं आणि झोपले.

काल आई दुपारभर गायब. परत आली ती एकदम खुशीत. सगळ्या गटानं मिळून कपडे गोळा केले आणि टपालानं पार्सल करून टाकलं. पत्ता कुठून मिळाला म्हणून विचारलं, तर माझा लॅपटॉप ज्या खोक्यातून आला होता त्याच्यावर सरांचं नाव आणि ऑफिसचा पत्ता होता, तोच ह्यांनी जसाच्या तसा उतरवून घेतला. आत काय काय आहे ऐक. दोन लुगडी, एक सनकोट, कमलबाईंचा काचांचा घागरा, नारळ आणि ओटीचे तांदूळ (पोरीला नुसतेच कपडे कसे द्यायचे म्हणून), आणि ब्लाऊज पीस किती ते विचारू नको. वर्षानुवर्षं ह्या लग्नातून त्या बारशात फिरणारे, कोणी कधी न शिवलेले सगळे ब्लाऊज पीस ह्या निमित्तानं गावातून बाहेर पडले. त्यातला एक आईनं तुझ्या लग्नात तुझ्या सासूला दिलेला होता, तो आमच्या गावात परत कसा आला ते देवाला माहीत. सगळ्यात वर रुक्माबाईंच्या मालकाचा फुल बाह्यांचा शर्ट, धुऊन, इस्त्री करून.

आणि ठराव. गट सरकारी पद्धतीनं चालतो, ठरावाशिवाय हलत नाही. पार्सलमध्ये शिक्क्यासकट घातलेला मजकूर आईला तोंडपाठ आहे, तो असा: "कंपनीतील सदर मुलीस कामावर अंगभर कपडे देण्यात येत नाहीत असे गटाच्या निदर्शनास आले. थंडीवाऱ्याचा विचार करता गटातर्फे कपडे देण्यात यावेत व साहेबांनी ते स्वतः तिच्या हाती पोच करावेत. सूचक कमलबाई, अनुमोदक रुक्माबाई. सर्वानुमते मंजूर." खाली सह्या, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे.

ताई, मला रडू येऊन राहिलंय. सोमवारी ज्या माणसाला मी मुद्द्यानं पटवायचं, त्याच्या टेबलावर त्या आधीच नारळ, तांदूळ आणि त्याच्याविरुद्धचा ठराव जाऊन पडणार. ते हसतील. सगळं ऑफिस हसेल, शर्टाचे फोटो काढतील, आणि मग मी वज्रिकेला काहीही घातलं तरी ते कनेरगावचं लुगडंच दिसेल. माझी नोकरी तर जाईलच, पण ती पोरगी त्या दोन वाट्यांत कायमची अडकेल आणि तिला तिथून काढायला परत कोणी तोंड उघडणार नाही. आई विचारतेय, पोच आली का.

मावशीला नमस्कार, लेकराला पापा (मोबाईल काढून घेऊन).

तुझीच,
पुनम

ता. क. : खरं काम आता सांगते. पार्सल शनिवारी पोचेल. कपड्यात शिवलेलं, निळ्या सुतळीचं आहे. गेटवरच्या वॉचमनला सांगून ते परस्पर तुझ्या घरी ने आणि सरांना कळू देऊ नको. नारळ खाऊन टाका. ठराव फाडून टाक. आईला मी पोच आली म्हणून सांगते.

ता. क. दुसरा : ट्रॅव्हल्सला अजून वेळ आहे म्हणून लिहिते. पार्सल तिच्यासाठी म्हणून निघालं आहे, उद्या कोणी चेष्टा केली तर तिला आधी माहीत असावं म्हणून मी सृष्टीला फोन लावला. (रानात जाऊन लावला, आई नव्हती.) सगळं सांगितलं, मला वाटलं पोट धरून हसेल. ती हसली नाही. म्हणाली, ताई, मागच्या आठवड्यात त्यांनी मला स्क्रीनवर वज्रिका दाखवली. उडी बघितल्याबरोबर ओळखली, मीच आहे ती, माझा उजवा पाय असाच पडतो. घरी सांगितलंय की गेम आला की दाखवीन, आई सगळ्या गल्लीला बोलवून बसली आहे. आता कसं दाखवू ते तुम्हीच सांगा.

ता. क. तिसरा : पार्सल अडवू नको. सरांच्या टेबलावर ठेव, ठराव वर ठेव. रुक्माबाईंचा शर्ट तेवढा काढून घे आणि सोमवारी सकाळी सृष्टीला दे, ती तो सुटावरून घालून सगळ्यांसमोर उडी मारणार आहे, मी चित्र दाखवणार नाही, वज्रिकेचे माझे कपडे म्हणजे तोच शर्ट. मला काढायचा कागद तुझ्याच टेबलावर येईल, तेव्हा सही करताना मनाला लावून घेऊ नको. शर्टाबद्दल तिला परत फोन लावून सांगितलं तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, गळ्यापर्यंत बटणं आहेत ना.